घेणारे वाढले की वेग का वाढतो?

दहावी-बारावीचा निकाल जाहीर होतो त्या दुपारी मंडळाचे संकेतस्थळ बराच वेळ उघडत नाही, हा महाराष्ट्रातील बहुतेक घरांना परिचित असलेला अनुभव आहे. ठाणे जिल्ह्यातील कुळगावच्या विद्यार्थ्याला हवी असलेली माहिती पाच-सहा विषयांच्या गुणांची, म्हणजे अगदी तोकडी असते. परंतु तशीच मागणी त्याच क्षणी राज्यभरातील लाखो विद्यार्थ्यांकडून मोजक्या संगणकांकडे जात असल्याने प्रत्येक नवा मागणारा आधीच्या सर्वांचा खोळंबा वाढवतो. २००५ नंतर घरी ब्रॉडबँड आणून रात्रभर ‘टॉरेंट लावून’ ठेवणाऱ्यांना मात्र नेमके याच्या उलट दिसत असे: जी फाइल जगभरातून हजारो लोक एकाच वेळी घेत असत ती झपाट्याने उतरत असे, आणि जिला कोणी विचारत नसे ती दिवसेंदिवस रेंगाळत राही. तारा त्याच आणि संगणकही त्याच जातीचे असताना गर्दी एका ठिकाणी अडथळा आणि दुसऱ्या ठिकाणी मदत कशी ठरते, हे समजून घ्यायचे तर संगणकांमधील परस्पर वाटपाची, म्हणजे ‘पीअर टू पीअर’ जाळ्यांची, घडण मुळापासून पाहावी लागते.

सुट्या पानांची पोथी

नेहमीच्या पद्धतीत फाइल एका ठिकाणी असते आणि बाकीचे सर्व तेथून ती घेतात. देणाऱ्या संगणकाला सर्व्हर आणि घेणाऱ्याला क्लायंट म्हणतात. सर्व्हरकडून बाहेर जाणाऱ्या तारेची क्षमता ठरलेली असते, आणि ती जितक्यांत वाटली जाईल तितका प्रत्येकाचा वाटा लहान होतो. एका सीडीएवढी, म्हणजे ७०० मेगाबाइटची फाइल शंभर जणांना हवी आहे आणि मूळ संगणक सेकंदाला १ मेगाबिट एवढ्याच वेगाने ती देऊ शकतो असे धरले, तर सर्वांना ती मिळण्यास सुमारे साडेसहा दिवस लागतात. हजार जण असतील तर पासष्ट दिवस.

यावरचा उपाय समजण्यास जुन्या पोथीचे उदाहरण उपयोगी पडते. पोथीची पाने शिवलेली नसत, सुटी आणि क्रमांक घातलेली असत. मठात एकच पोथी आणि शंभर नकलनवीस असतील, आणि अख्खी पोथी एकेकाला आळीपाळीने द्यायची ठरवली, तर एक जण लिहीत असताना नव्याण्णव रिकामे बसतील. त्याऐवजी पहिल्या फेरीत प्रत्येकाला एकेक निराळे पान दिले, तर थोड्याच वेळात शंभर निराळी पाने शंभर जणांच्या हाती येतात, आणि पुढची नक्कल मूळ पोथीला हात न लावता एकमेकांकडूनच करता येते. घेणारा प्रत्येक जण येथे देणाराही होतो, त्यामुळे माणसे वाढली की लिहिणारे हातही वाढतात.

हेच गणित फाइलला लावले आणि प्रत्येक घेणारा सेकंदाला २५६ किलोबिट या वेगाने घेतो व तितक्याच वेगाने पुढे देतो असे मानले, तर शंभर जणांचे काम साडेसहा दिवसांऐवजी सहा तासांच्या आसपास उरकते. खरे आश्चर्य मात्र याच्या पुढचे आहे: घेणारे शंभरांऐवजी हजार झाले तरी वेळ जवळजवळ तेवढाच, सहा तासांच्या आसपासच राहतो. हे कागदावरचे आदर्श गणित आहे आणि प्रत्यक्षात देण्याचा वेग कमी असतो म्हणून वेळ अधिक लागतो, हे खरे. परंतु घेणाऱ्यांच्या संख्येने वेळ वाढत नाही हा त्यातील मुख्य गुण प्रत्यक्षातही टिकतो.

कोणाकडे काय आहे, हे कोणाला माहीत?

पाने एकमेकांकडून घ्यायची म्हटली की कोणते पान कोणाकडे आहे हे आधी कळावे लागते. या जाळ्यांचा विकास म्हणजे मुख्यतः या एका प्रश्नाच्या एकामागून एक आलेल्या उत्तरांचा क्रम आहे, आणि प्रत्येक उत्तर आधीच्या उत्तरातील उणिवेतून निघालेले आहे.

पहिले गाजलेले उत्तर नॅपस्टरचे होते. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात शिकणाऱ्या शॉन फॅनिंगने सुरू केलेली ही सेवा जून १९९९ मध्ये लोकांपुढे आली. गाण्यांच्या फाइली वापरणाऱ्यांच्याच संगणकांवर राहत आणि एकाकडून दुसऱ्याकडे थेट जात. परंतु कोणाकडे कोणते गाणे आहे याची सूची नॅपस्टरच्या मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवलेली असे. शोध त्यामुळे क्षणात लागे. पण सूची एका जागी असल्याने तिची जबाबदारीही एका जागी होती. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने डिसेंबर १९९९ मध्ये दावा लावला, फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयाचा निर्णय नॅपस्टरच्या विरोधात गेला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ही सेवा थांबली. फाइली कोट्यवधी संगणकांवर पसरलेल्या असूनही सूची बंद होताच जाळे निरुपयोगी झाले.

सूचीच नको, असे उत्तर मार्च २००० मध्ये जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर यांच्या ग्नुटेलाने दिले. त्यांच्या मालक कंपनीने दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले, परंतु तोवर ते अनेकांच्या हाती पडले होते आणि इतरांनी त्याच पद्धतीची सॉफ्टवेअरे लिहिली. ग्नुटेलात प्रत्येक संगणक आपल्याला जोडलेल्या काही संगणकांना विचारी, ते पुढच्यांना विचारीत, आणि सहसा सात टप्प्यांनंतर प्रश्न थांबे. प्रत्येक संगणक चार जणांशी जोडलेला असेल, तर एका प्रश्नासाठी सात टप्प्यांत ४,३७२ निरोप फिरतात. हजारो लोक एकाच वेळी शोध घेऊ लागले की फाइलींपेक्षा विचारपूसच तारा भरून टाकते. डायल-अप मोडेमवर असलेल्या संगणकांना तर केवळ इतरांचे प्रश्न पुढे ढकलण्यातच आपली सारी क्षमता घालवावी लागे.

नीक्लास झेनस्ट्रोम आणि यानुस फ्रीस यांच्या काझाने २००१ मध्ये मधला मार्ग काढला. चांगली जोडणी असलेले काही संगणक आपोआप ‘सुपरनोड’ बनत आणि आसपासच्या साध्या संगणकांची सूची सांभाळीत; प्रश्न या सुपरनोडांपुरतेच फिरत. याच मंडळींनी २००३ मध्ये स्काइपची दूरध्वनी सेवा सुरू केली तेव्हा सुपरनोडांची ही कल्पना तेथेही वापरली. काझाची मोठी उणीव वेगळीच होती: फाइल खरी आहे की नाही हे ओळखण्यासाठी तो तिचा काही भागच तपासत असे, त्यामुळे मधला मजकूर बिघडवलेल्या फाइली अस्सल म्हणून जाळ्यात सहज पसरत.

टॉरेंटचे तीन निर्णय

अमेरिकन प्रोग्रामर ब्रॅम कोहेन याने जुलै २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बिटटॉरेंटने शोधाचे काम पूर्णपणे सोडून दिले आणि एकच फाइल अनेकांना लवकर कशी पोचेल एवढ्यावर लक्ष दिले. हा या इतिहासातील सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय म्हणावा लागेल, कारण पुढील सर्व गुण त्यातूनच आले.

फाइलचे सारख्या आकाराचे तुकडे पाडले जातात. सुरुवातीच्या काळात असा तुकडा बहुधा २५६ किलोबाइटचा असे. प्रत्येक तुकड्यावर गणिती क्रिया करून ठरावीक लांबीचा एक आकडा काढतात, त्याला हॅश म्हणतात. तुकड्यातील एक बिटही बदलला तरी हा आकडा पूर्णपणे बदलतो. सर्व तुकड्यांचे हॅश आणि ‘ट्रॅकर’चा पत्ता एका छोट्या फाइलमध्ये नोंदवलेले असतात, आणि तिलाच टॉरेंट फाइल म्हणतात. ट्रॅकर हा फाइल न साठवणारा सर्व्हर असतो. ती फाइल सध्या कोण कोण घेत आहेत त्यांचे पत्ते देणे एवढेच त्याचे काम. अनोळखी संगणकाकडून आलेला तुकडा नोंदीतील हॅशशी जुळला तरच स्वीकारला जातो, म्हणून देणाऱ्यावर विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही.

दुसरा निर्णय क्रमाविषयी आहे. तुकडे एकापासून शेवटपर्यंत ओळीने न घेता, आसपासच्या संगणकांत जो तुकडा सर्वांत कमी जणांकडे आहे तो आधी घेतला जातो. पोथीचे एखादे पान एकाच नकलनविसाकडे असेल आणि तो उठून गेला तर सर्वांच्याच प्रती अपुऱ्या राहतात. म्हणून दुर्मीळ पानाच्या नकला आधी वाढवणे सर्वांच्या हिताचे असते.

तिसरा निर्णय देवाणघेवाणीचा. नॅपस्टर आणि ग्नुटेलावर फाइली घेऊन काहीच न देणारे फार होते. बिटटॉरेंटचा संगणक मूळ रचनेत एका वेळी चारच जणांना देतो, आणि कोणाकडून आपल्याला अधिक मिळते याचा हिशेब दर दहा सेकंदांनी करून त्यांची निवड बदलतो. परंतु केवळ असा व्यवहार ठेवला तर ज्याच्याकडे देण्यासारखा एकही तुकडा नाही त्या नवागताला कधीच काही मिळणार नाही; म्हणून दर तीस सेकंदांनी एका कोणत्याही संगणकाला परतफेडीची अपेक्षा न ठेवता संधी दिली जाते. स्वार्थ आणि औदार्य यांचे इतके नेमके माप क्वचितच एखाद्या यंत्रणेत घातलेले आढळते.

> चौकट: टॉरेंट उतरते तेव्हा
> टॉरेंट फाइल उघडताच संगणक ट्रॅकरकडून सहभागी संगणकांचे पत्ते घेतो. पूर्ण फाइल असलेल्यास सीडर म्हणतात. अजून घेत असलेला, आणि मिळालेले तुकडे त्याच वेळी पुढे देणारा, तो लीचर. कोणाकडे कोणते तुकडे आहेत हे संगणक एकमेकांना सांगतात. दुर्मीळ तुकडा आधी मागितला जातो. आलेला तुकडा हॅशशी ताडून पाहिला जातो आणि चुकला तर टाकून पुन्हा मागवला जातो. फाइल पूर्ण झाल्यावर कार्यक्रम सुरूच ठेवला तर घेणारा आपोआप सीडर होतो.

कल्याणच्या तारा, रात्रीचे सहा तास

ही यंत्रणा कुळगाव, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात कशी चालली हे पाहिले तर तिची बलस्थाने आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. मुंबई आणि ठाणे शहरांत दूरध्वनी सेवा महानगर टेलिफोन निगमकडे होती, तर कल्याणपासून पुढचा हा भाग भारत संचार निगमच्या कल्याण विभागात येत असे. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले असले, तरी २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिट हा किमान वेग ठरवला आणि त्यानंतरच घरोघरी जोडण्या पोचू लागल्या. संचार निगमच्या काही योजनांत महिन्याला ठरावीक डेटा असे, पण रात्री २ ते सकाळी ८ या वेळेतील वापर मोजला जात नसे. ‘नाइट अनलिमिटेड’ या नावाने ही सवलत प्रसिद्ध होती. ७०० मेगाबाइटची फाइल २५६ किलोबिटच्या वेगाने उतरण्यास सुमारे सहा तास लागतात. एका रात्रीत एक सीडी, असे ते माप होते, आणि दोन वाजता टॉरेंट आपोआप सुरू करण्याची व आठला थांबवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असल्याने कोणाला जागे राहावे लागत नसे. स्वीडनच्या लुडविग स्ट्रिगेउसने २००५ मध्ये काढलेला म्यूटॉरेंट हा अत्यंत लहान आकाराचा कार्यक्रम जुन्या संगणकांवरही चालत असल्याने अशा घरांत तो विशेष रुळला.

त्याच दशकात मुंबई शहर वगळता राज्याच्या मोठ्या भागात महावितरणचे भारनियमन चालू होते. साध्या पद्धतीने उतरणारी फाइल वीज गेल्यावर अनेकदा पहिल्यापासून सुरू करावी लागे; टॉरेंटमध्ये मात्र आलेले तुकडे तपासून घेता येत आणि उरलेलेच मागवले जात, म्हणून खंडित विजेच्या प्रदेशांत त्याचे महत्त्व दुप्पट होते.

अडचणी तारेच्या रचनेत होत्या. दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवर चालणाऱ्या ब्रॉडबँडमध्ये घेण्याचा वेग देण्याच्या वेगापेक्षा बराच जास्त ठेवलेला असतो, कारण ती घराघरांत माहिती आणून टाकण्यासाठी आखलेली आहे. देण्याची वाट पूर्ण भरली की घेणेही मंदावते: आलेल्या प्रत्येक भागाची पोच पाठवणाऱ्याला द्यावी लागते, ती पोच त्याच अरुंद वाटेने जाते, आणि ती उशिरा पोचली की समोरचा संगणक पाठवण्याचा वेग कमी करतो. म्हणून जाणकार आपल्या देण्याच्या वेगावर थोडी मर्यादा घालीत. केबलवाल्याच्या नेटवर वेगळीच अडचण असे. एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे जोडलेली असल्याने बाहेरच्या संगणकाला घरातील संगणकाशी स्वतःहून संपर्क साधता येत नसे. घरातील संगणकानेच पुढाकार घ्यावा लागे, आणि दोन्ही बाजू अशाच बंदिस्त असल्या तर त्यांची गाठ बहुधा पडतच नसे.

सर्वांत मोठी विसंगती अंतराची होती. बिटटॉरेंटला भूगोल कळत नाही. ट्रॅकरने दिलेल्या यादीतील कोणताही पत्ता त्याला सारखाच. कुळगावातील एका घराला हवी असलेली फाइल अंबरनाथच्या दुसऱ्या घरात असली, तरी ती युरोपातून समुद्राखालच्या तारांवरून आणली जाणे अगदी शक्य होते. शिवाय शेजारच्या घरातून घेतली तरी ती जवळून येईलच असे नव्हते: दोन भारतीय सेवादात्यांमधील माहिती अनेकदा परदेशातून वळसा घालून येत असे, आणि हा वळसा टाळण्यासाठीच २००३ मध्ये ‘निक्सी’ ही राष्ट्रीय अदलाबदल संस्था स्थापन करून मुंबईसारख्या ठिकाणी सेवादात्यांची जाळी देशातच जोडण्यात आली.

या विसंगतीवर स्थानिक उपाय निघाला तो डीसी प्लस प्लसचा. १९९९ च्या सुमारास जॉन हेस याने लिहिलेल्या डायरेक्ट कनेक्ट या पद्धतीवर आधारलेले हे मुक्त सॉफ्टवेअर २००१ पासून उपलब्ध आहे. त्यात ‘हब’ नावाचा एक मध्यवर्ती संगणक असतो. जोडलेल्या सर्वांनी खुल्या केलेल्या फाइलींचा शोध हबमार्फत होतो आणि फाइल थेट एकमेकांकडून घेतली जाते. हब एखाद्या संस्थेच्या अंतर्गत जाळ्यात ठेवला तर इंटरनेटची गरजच उरत नाही आणि वेग शंभर पटींनी वाढतो. आयआयटी मुंबईच्या पवईतील वसतिगृहांत डीसी प्लस प्लस विद्यार्थिजीवनाचा भाग बनले होते. व्याख्यानांच्या नोंदी, सॉफ्टवेअर, चित्रपट असे सारेच त्यावरून फिरे. मार्च २००७ मध्ये संस्थेने वसतिगृहांतील इंटरनेट रात्री ११ पासून दुपारी १२:३० पर्यंत बंद ठेवण्याचा निर्णय घेतला, यावरून इंटरनेटनेही विद्यार्थ्यांच्या दिनक्रमावर केवढा ताबा मिळवला होता याची कल्पना येते.

ट्रॅकरही नाहीसा होतो

ट्रॅकर बंद पडला तर टॉरेंट थांबते, ही नॅपस्टरची उणीव लहान प्रमाणात शिल्लक होती. पेटार मेमुंकोव्ह आणि डेव्हिड मॅझिएर यांनी २००२ मध्ये मांडलेल्या कॅडेम्लिया या पद्धतीने ती दूर झाली, आणि २००५ पासून टॉरेंट सॉफ्टवेअरमध्ये ती आली. तिच्यात प्रत्येक संगणकाला आणि प्रत्येक फाइलला १६० बिटांचा क्रमांक असतो. ज्या संगणकांचे क्रमांक फाइलच्या क्रमांकाशी सर्वांत जवळचे, त्यांच्याकडे त्या फाइलच्या सहभागींची यादी राहते. प्रत्येक संगणक जाळ्यातील मोजक्यांनाच ओळखतो, परंतु विचारलेला प्रत्येक संगणक क्रमांकाने आणखी जवळच्याचा पत्ता सांगतो आणि प्रत्येक टप्प्यावर शोधक्षेत्र निम्म्याहून लहान होते. त्यामुळे दहा लाख संगणकांतही वीसएक टप्प्यांत योग्य यादी सापडते. एक मोठी सूची लाखो संगणकांत विभागली गेली, आणि बंद करता येईल असे एक ठिकाण उरले नाही. मॅग्नेट दुवा हा त्याचाच परिणाम: टॉरेंट फाइल न देता केवळ क्रमांक दिला तरी बाकीचे सारे जाळ्यातून मिळते.

कायद्यापुढचा प्रश्न यामुळे अधिक कठीण झाला. हक्कधारकाच्या परवानगीशिवाय चित्रपट वाटणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा भंग आहे, यात तंत्र कोणतेही असले तरी फरक पडत नाही. जून २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ची परीक्षणासाठी दिलेली प्रत प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी टॉरेंटवर आली तेव्हा निर्मात्यांचे नुकसान किती झटपट होते हे सर्वांना दिसले. परंतु बंदी कशावर घालायची? त्याच वर्षी जुलैमध्ये ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या निमित्ताने मुंबई उच्च न्यायालयापुढे संकेतस्थळे बंद करण्याची मागणी आली, तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी संपूर्ण संकेतस्थळांऐवजी पडताळून दिलेल्या विशिष्ट दुव्यांपुरताच आदेश दिला; कारण एखाद्या स्थळावर बेकायदा मजकूर असला तरी तेथील सर्वच मजकूर बेकायदा असतो असे गृहीत धरता येत नाही. हा भेद महत्त्वाचा आहे. लिनक्सच्या आवृत्त्यांचे टॉरेंट त्यांच्या कर्त्यांनी स्वतःच ठेवलेले असते, आणि तेथे हीच यंत्रणा सर्व्हरचा खर्च वाचवते.

लोकप्रिय ते जगते, दुर्मीळ ते मरते

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या स्वस्त मोबाइल डेटाने आणि त्यापाठोपाठ फायबर जोडण्यांनी रात्रीच्या सहा तासांचे महत्त्व संपवले, आणि चित्रपट साठवून ठेवण्याऐवजी थेट पाहण्याची रीत पडली. मोबाइल हा देण्याच्या कामी फारसा उपयोगी नाही: बॅटरी आणि डेटा जपण्यासाठी तो मागे चालणारे कार्यक्रम थांबवतो, आणि सेवादाते हजारो ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवत असल्याने जुनी केबल-नेटची अडचण आता मोठ्या प्रमाणावर परतली आहे. तरीही तत्त्व टिकून आहे. विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टची अद्यतने एकाच घरातील किंवा कार्यालयातील संगणक एकमेकांकडून घेऊ शकतात, आणि २००९ पासून चालणारे बिटकॉइनचे जाळेही मध्यवर्ती संगणकाशिवाय चालते.

टॉरेंटची एक उणीव मात्र त्याच्या गुणातूनच येते. घेणारे हेच देणारे असतील, तर ज्याला घेणारे थोडे त्याला देणारेही थोडेच. शेवटच्या सीडरने संगणक बंद केला की दुवा राहतो, क्रमांक राहतो, आणि फाइल कोठेच नसते. मोठ्या भाषांतील नव्या चित्रपटांना याची झळ लागत नाही. जुन्या मराठी पुस्तकांना, नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रणांना, तालुक्याच्या एखाद्या गॅझेटियरला ती पहिल्यांदा लागते. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने २०१२ मध्ये आपल्या संग्रहाला टॉरेंट जोडताना यावर तोड काढली: संस्थेचे सर्व्हर हेच कायमचे सीडर राहतात, आणि एकाच वेळी अनेक घेणारे आले तर ते एकमेकांकडूनही तुकडे घेऊ लागतात. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पात स्कॅन झालेली अनेक मराठी पुस्तके या संग्रहात आहेत. तेथील एखादे पुस्तक वर्षभरात एकानेच मागितले तर ते सर्व्हरकडून साध्या वेगाने येते, आणि एखाद्या दिवशी हजारांनी मागितले तर तो भार मागणाऱ्यांतच वाटला जातो.